दुवा जोडण्यापूर्वी

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शलाका बेलसरे पुण्यातल्या आपल्या ऑफिसात पोहोचली, तेव्हा तिच्या मंजुरीसाठी अकरा जोड्या थांबल्या होत्या. जोडी म्हणजे दोन नावं. ती दोन्ही नावं एकाच खेळाडूची आहेत असं 'दुवा'चं म्हणणं असे, आणि ते तपासून सही करण्याचं काम शलाकाचं. पहिल्या दहा जोड्या तिने वीस मिनिटांत उरकल्या. अकराव्या जोडीपाशी मात्र ती अडकली. टेबलावरचा चहा गार झाला, शिपाई कप उचलून घेऊन गेला, तरी ती पडद्याकडे बघत होती. पहिलं नाव होतं ऊर्मिला तावरे. दुसरं अनुराधा इंगळे. खात्री सत्त्याण्णव टक्के.

ऊर्मिला तावरे अकरा वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती.

शलाका आणि ऊर्मिला विद्यार्थिदशेत एका क्रीडा वसतिगृहात एकाच खोलीत राहत. हॉकीत शलाका डाव्या बगलेवर धावणारी, बेताची खेळाडू. कॉम्प्युटरची पदवी हातात पडली आणि तिने स्टिक माळ्यावर टाकली ती टाकलीच. ऊर्मिला सेंटर हाफ होती आणि राज्यात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. चेंडू घेऊन येणारीच्या अंगावर ती धावून जात नसे. डावा खांदा किंचित खाली टाकून क्षणभर नुसती थांबायची. त्या थांबण्याने समोरची बिचकायची, आणि चेंडू आपल्याकडे राहिला नाही हे तिला दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. ऊर्मिला चार राष्ट्रीय स्पर्धा खेळली. भारताच्या शिबिरासाठी तिला दोनदा बोलावणं आलं. पंचविसाव्या वर्षी सांगलीकडच्या विश्वजित नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाशी तिचं लग्न झालं, आणि तिसऱ्या वर्षी ती कुठे गेली हे कुणालाच कळलं नाही.

शलाकाने 'दुवा' बनवलं त्याला आता तीन वर्षं झाली होती. तोवर एआय सहायक सगळीकडे रुळले होते. निवड समितीचा सहायक वेगळा, कॉलेजच्या प्रवेश विभागाचा वेगळा, खेळाडूंच्या राखीव जागा भरणाऱ्या सरकारी खात्याचा वेगळा, आणि साध्या हौशी प्रेक्षकाच्या फोनमध्येही एक. हे सहायक बोलायला हुशार. पण नाशिकच्या सामन्यात गोल कुणी केला हे त्यांना मुळात ठाऊक नसे, आणि ठाऊक नसलं की ते बिनदिक्कत काहीतरी ठोकून देत. म्हणून राज्यभरातल्या क्लबांनी मिळून चालवलेल्या सह्याद्री हॉकी परिषदेने शलाकाला काम दिलं. 'दुवा' म्हणजे परिषदेच्या नोंदींच्या कोठाराला ठेवलेली एक खिडकी. सहायकाने खिडकीशी यायचं, ठरलेल्या साच्यात प्रश्न टाकायचा: खेळाडू कोण, काळ कोणता, काय हवं. आतून आकडे बाहेर यायचे. सामने, गोल, अडवलेले चेंडू, मिळालेली कार्डं. त्या खिडकीशी माणूस कधीच येत नसे. शलाकाला हे आवडायचं. विचारलं तेवढं सांगायचं, आणि खरं सांगायचं.

पहिल्याच हंगामात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पुरुष खेळाडूंच्या नोंदी पंधरा-पंधरा वर्षं सलग दिसायच्या. बायकांच्या पंचविशीच्या आसपास तुटायच्या, आणि तिथूनच कुठल्यातरी नव्या नावाने दुसऱ्या सुरू व्हायच्या. साताऱ्याची एक फुलबॅक नव्वद सामने खेळली होती, पण सासरच्या नावावर फक्त सहा. खात्याच्या सहायकाने विचारलं, 'दुवा'ने सहा सांगितले, आणि तिचा अर्ज बाद झाला. शलाकाने तिला फोन केला तेव्हा ती रडली नाही, नुसतं म्हणाली की नव्वद सामन्यांचे गुडघे तर अजून तिचेच आहेत.

त्या फोननंतर शलाकाने चालखूण शोधून काढली. माणसाचं अक्षर जसं त्याचं त्याचं असतं तशी त्याची चालही असते. धावताना टाच कुठे टेकते, वळताना कमरेला किती पीळ पडतो, फटका मारण्याआधी कोपर किती मागे जातं, हे वय वाढलं तरी फारसं बदलत नाही. आता तालुक्याच्या मैदानावरसुद्धा तिपाईवर फोन लावून सामना टिपला जाई. त्या चित्रणातून 'दुवा' खेळाडूच्या शरीरातले सतरा सांधे ओळखायचं, सेकंदाला पंचवीस वेळा त्यांची जागा मोजायचं आणि त्यावरून चालखूण काढायचं. चेहरा दिसण्याची गरजच नव्हती. जुन्या चित्रणांतल्या चालखुणा नव्यांशी ताडून बघितल्या की तुटलेल्या नोंदी जुळायच्या. दोन वर्षांत चार हजारांवर बायकांच्या नोंदी अशा जुळल्या. साताऱ्याच्या फुलबॅकला नोकरी लागली. तिने शलाकाला कंदी पेढे पाठवले.

अकराव्या जोडीतलं चित्रण पुसदच्या तालुका सामन्यातलं होतं. तिथल्या एका निवासी कन्याशाळेचा संघ आणि दुसरा कुठला तरी क्लब. दुसऱ्या सत्रात शाळेची एक मुलगी लंगडत बाहेर गेली आणि तिच्या जागी एक बाई आत आली. डोक्यावर टोपी, कॅमेऱ्याकडे पाठ. समोरून एक मुलगी चेंडू घेऊन आली, बाईने डावा खांदा किंचित खाली टाकला आणि ती थांबली. शलाकाला पुढचं बघावं लागलं नाही.

आनंदाने तिला उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ऊर्मिला जिवंत होती, खेळत होती. सही करायला तिने हात पुढे नेला, आणि सहज म्हणून आधी बघितलं की इतक्या वर्षांत ऊर्मिलाची कुणी चौकशी केली होती का. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक सहायकाला आपल्या मालकाचं नाव सांगावं लागे. तिथे एकच नाव होतं. 'दुवा' सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी तोच प्रश्न: ऊर्मिला तावरे, नवी नोंद आहे का? रोज तेच उत्तर: नाही. एक दिवससुद्धा चुकला नव्हता. विश्वजितने आपल्या सहायकाला कधीतरी एकदा सांगून ठेवलं असणार. तो स्वतः कदाचित विसरलाही असेल, सहायक विसरत नाही आणि कंटाळत नाही.

शलाकाने हात मागे घेतला.

बारा वर्षांपूर्वी ऊर्मिला एका दुपारी तिच्या पुण्यातल्या भाड्याच्या खोलीवर आली होती. हातात एक पिशवी, मनगट सुजलेलं. पडले म्हणाली. तीन दिवस ती जवळजवळ झोपूनच होती. शलाकाला वाटलं, नवराबायकोचं भांडण आहे, घरचे काळजीत असतील. चौथ्या दिवशी विश्वजितचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. ऊर्मिला तिथे आहे का एवढंच त्याने विचारलं, आणि शलाकाने सांगितलं की आहे, सुखरूप आहे, काळजी करू नका. संध्याकाळी तो येऊन तिला घेऊन गेला. जाताना ऊर्मिलाने शलाकाकडे बघितलं नाही. आठ महिन्यांनी ती नाहीशी झाली, तेव्हा तिने शलाकाला काही कळवलं नव्हतं. शलाका पुढे कित्येक दिवस त्यावरून तिच्यावरच रुसून होती. स्वतःकडे बघायला तिला बरीच वर्षं लागली.

सही न झालेली जोडी पंधरा दिवसांनी आपोआप मंजूर होई. काम तुंबून राहू नये म्हणून हा नियम शलाकानेच घातला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वारगेटच्या स्टँडवर गेली. फोन घरी ठेवला होता. सहायकाला सांगितलं तर तिकीट, खोली, तिथली रिक्षा सगळं त्याने बघितलं असतं, पण शलाका बेलसरे पुसदला गेली ही गोष्टही कुठेतरी नोंदली गेली असती. कित्येक वर्षांनी ती खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि रोख देऊन एसटीचं तिकीट काढलं.

शाळा गावाबाहेर होती. मैदान मुरमाचं, एका कडेला कडुनिंबाची रांग. मुलींचा सराव चालू होता. एका मुलीने शलाकाला पाहून हाक दिली, "मॅडम, तुमाले भेटाले कोनी आलं." ऊर्मिला वळली. केस बरेच पांढरे झाले होते, अंगाने वाळली होती. ती जागची हलली नाही. मग मुलींना पळायला लावून सावकाश चालत आली.

"कुणाला सांगून आलीस?"

"कुणालाच नाही."

"आणि फोन?"

"पुण्यात ठेवलाय."

तेव्हा कुठे ऊर्मिलाने तिला सावलीत चलायची खूण केली. दोघी कडुनिंबाखाली दगडावर बसल्या.

मग ऊर्मिलाने सांगायला सुरुवात केली, आणि कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं. पोलिसांकडे ती दोनदा गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी विश्वजितला बोलावून समजूत घालून दिली. दुसऱ्या समजुतीनंतर तिची दोन बोटं कायमची वाकडी झाली. पुढे एका स्पर्धेत ओळख झालेल्या वानखडे मॅडम इथे मुख्याध्यापिका आहेत असं कळलं, तेव्हा ती अंगावरच्या साडीनिशी निघून आली. इंगळे हे मॅडमच्या आईचं माहेरचं नाव. अनुराधा हे तिने एसटीत बसल्या बसल्या ठरवलं. पदवीचे, स्पर्धांचे सगळे कागद ऊर्मिला तावरेच्या नावाचे, म्हणून दाखवता येत नव्हते. अकरा वर्षं ती दरवर्षी नव्याने कराराने लागत होती. मुलींना यातलं काही माहीत नव्हतं. मॅडम कुठे शिकल्या, कुणाकडून खेळल्या, असं विचारलं की ती त्यांना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावायची.

शलाकाने तिला 'दुवा'बद्दल सांगितलं, चालखुणेबद्दल, आणि रोज सकाळी येणाऱ्या प्रश्नाबद्दलही. ऊर्मिलाने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी शलाका विश्वजितच्या त्या जुन्या फोनबद्दल बोलली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही, म्हणाली.

"तू खोटं नव्हतीस बोलली," ऊर्मिला म्हणाली. "त्याने विचारलं, तू खरं ते सांगितलंस. कोण विचारतंय तेवढं बघायला हवं होतंस."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच शलाकाला ते सोसणं जड गेलं.

त्या दिवशी ती शाळेतच राहिली. जेवताना वानखडे मॅडमनी एक गोष्ट काढली, जी ऊर्मिलाने सांगितली नव्हती. शाळेला क्रीडा शिक्षकाची एक कायम जागा मंजूर झाली होती. अर्जदार राष्ट्रीय पातळीवर खेळलेली असायला हवी, आणि खात्याचा सहायक ते 'दुवा'लाच विचारणार. मॅडमना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. त्यांच्या मागून येणारी दरवर्षी करार वाढवेलच असं नव्हतं. शलाकाने सही केली की चार राष्ट्रीय स्पर्धा अनुराधा इंगळेच्या नावावर लागणार, जागा तिचीच. आणि त्याच सकाळी विश्वजितच्या सहायकाला पहिल्यांदा वेगळं उत्तर मिळणार. नवी नोंद आहे. पुसद.

तिने दोन्ही गोष्टी ऊर्मिलापुढे मांडल्या आणि निर्णय तिच्यावर सोडला. ऊर्मिलाने सकाळपर्यंतचा वेळ मागितला.

सकाळी ती सरावाला जाण्याआधी आली आणि जोडू नकोस म्हणाली. त्या चार स्पर्धा तिच्या होत्या, त्या कुणी काढून घेणार नव्हतं, त्या कुणाला दिसल्या नाहीत तरी चालेल. शलाकाने मान हलवली आणि मग राहिलेलं सांगितलं. ही जोडी ती नाकारू शकत होती, पण ते नाकारणं तेवढ्या एका सामन्यापुरतं. ऊर्मिला पुढच्या सामन्यात उतरली, कुणी ते टिपलं, की 'दुवा' तीच जोडी पुन्हा काढणार. दोनदा नाकारलेली जोडी परिषदेच्या समितीपुढे जाई, आणि समितीला कारण द्यावं लागे.

"म्हणजे मी खेळणं सोडायचं," ऊर्मिला म्हणाली.

शलाकाच्या यंत्राचं उत्तर नेमकं तेच होतं.

पुण्याला येताना सगळा प्रवासभर ती एकच गणित घालत होती. एका ऊर्मिलाला लपवायचं कसं? तिच्यापुरतं 'दुवा'ने 'सांगता येत नाही' असं म्हणायचं ठरवलं, तर विश्वजितच्या सहायकाला तेवढंच पुरे होतं. काल 'नाही' म्हणणारी खिडकी आज 'सांगता येत नाही' म्हणते, म्हणजे आत काहीतरी आहे. आणि गुपचूप खोटं 'नाही' म्हणायला लावायचं, तर मग 'दुवा'च्या कुठल्याच आकड्यावर विश्वास का ठेवायचा? एकीला लपवायचं तर सगळ्यांसाठी नियम एकच हवा होता. जिची नोंद तिने स्वतः मागितल्याशिवाय जोडायची नाही. न जोडलेली नोंद आणि खेळ सोडून दिलेल्या बाईची नोंद मग सारखीच दिसली असती, आणि 'नाही' हे उत्तरही खरं राहिलं असतं.

पण याचा अर्थ चार हजारांवर जोडलेल्या नोंदी आधी सोडवायच्या.

परिषदेचे सचिव अंकुश भिलारे साठीचे, स्वतः जुने पंच, सरळ माणूस. त्यांनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं की साताऱ्याच्या त्या बाईला आपण काय सांगायचं. तुमचे नव्वद सामने आम्ही परत सहा केले? ज्या गोष्टीसाठी परिषदेची राज्यभर वाहवा झाली, ती गोष्ट मोडायची, ती कशासाठी?

शलाकाकडे कारण होतं, पण ते सांगणं म्हणजे ऊर्मिलाचं नाव सांगणं. ती म्हणाली, "सर, एक बाई आहे. नाव मी सांगणार नाही. जोडणी झाली तर तिच्या जिवाला धोका आहे."

"एकीसाठी चार हजार जणींचं नुकसान?"

"एकच आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे? आपण कुणाला विचारलंच नाही."

भिलाऱ्यांनी समिती बोलावली. समितीत वादावादी झाली. दोघांचं मत पडलं की शलाकालाच कामावरून काढावं. शेवटी असं ठरलं की सगळ्या जोडण्या सहा आठवडे थांबवायच्या, प्रत्येकीला विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्या दहापेक्षा कमी निघाल्या तर जुनी पद्धत पुन्हा सुरू करायची. अकराव्या जोडीचे पंधरा दिवस पुरे व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

पत्राचा मजकूर शलाकाने अठरा वेळा बदलला. त्यात दुसऱ्या नावाचा उल्लेख येऊन चालणार नव्हता. पत्र भलत्याच माणसाच्या हातात पडलं तरी काही कळता कामा नये. शेवटी तीन ओळी उरल्या. तुमच्या खेळाच्या नोंदी इतर नावाखाली असतील, तर त्या एकत्र दाखवाव्यात का? हो की नाही, एवढंच कळवा. उत्तर न आल्यास एकत्र दाखवल्या जाणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात हजारभर उत्तरं आली. सगळी 'हो'. कुणी सोबत जुने फोटो पाठवले, कुणी उशीर का केला म्हणून रागावल्या. दुसऱ्या आठवड्यातही तेच. समितीतल्या एकाने शलाकाला फोन करून, आता तरी समाधान झालं का, असं विचारलं. तिला स्वतःलाच शंका येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात पहिलं 'नाही' आलं. पाठोपाठ आणखी दोन. सहा आठवडे संपले तेव्हा तीन हजार एकशे चार जणींनी 'हो' म्हटलं होतं. हजारावर जणींचं उत्तर आलं नव्हतं. 'नाही' म्हणणाऱ्या सदतीस होत्या.

कारण कुणालाच विचारलं नव्हतं, तरी काहींनी लिहिलं होतं. एकीने लिहिलं होतं, माझ्या मुलांना ते नाव माहीत नाही. एकीने, ते घर मी सोडलं आहे. एकीने फक्त एवढंच, की कृपा करून हा निरोपसुद्धा पुसून टाका. शलाकाने नावं झाकून ही उत्तरं भिलाऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी सगळी वाचली, काही दोनदा वाचली. म्हणाले, यांच्या निम्म्या सामन्यांना मीच शिट्टी वाजवली असेन, आणि नव्या नियमावर सही केली. न जोडलेल्या चालखुणाही त्याच दिवशी पुसण्यात आल्या. ऊर्मिलाने उत्तर पाठवलं नव्हतं. तिचं नाव त्या हजारात होतं.

यात सगळ्यांचं भलं झालं असं नाही. जळगावच्या एका बाईंना पत्र मिळालंच नव्हतं. त्यांच्या नोंदी तुटल्या आणि प्रशिक्षक म्हणून होणारी नेमणूक हुकली. त्यांनी फोनवर शलाकाला फाडून खाल्लं. नोंदी त्याच दिवशी जोडल्या गेल्या, पण नेमणूक गेली ती गेलीच. पुसदच्या शाळेतली कायम जागा अमरावतीच्या एका खेळाडूला मिळाली. आणि पावसाळा संपेपर्यंत दोन कंपन्यांनी चालखुणेची आपापली साधनं बाजारात आणायची घोषणा केली. त्यांच्याकडे असा काही नियम असणार की नाही हे कुणी सांगत नव्हतं. आपण दार फार तर लोटून घेतलं आहे, कडी आपल्या हातात नाही, हे शलाकाला कळत होतं.

ऑक्टोबरात पुसदचा तालुका हंगाम सुरू झाला. एका सोमवारी ऑफिसच्या फोनवर शाळेतून फोन आला. पलीकडून ऊर्मिला बोलत होती. इकडचं तिकडचं काही न विचारता ती म्हणाली, कालच्या सामन्याचं चित्रण तुझ्याकडे आलं असेल, त्यातून एक गोष्ट मला बघून सांग. गोलरक्षकाची चाल ओळखता येते का?

शलाकाने चित्रण उघडलं. शाळेच्या गोलात एक बाई उभी होती. डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, छातीवर फुगीर कवच, पायांत मांडीपर्यंत येणारे जाड फोमचे पॅड, तेही एकाला निळी पट्टी आणि दुसऱ्याला लाल. ती बदकासारखी फेंगडत इकडून तिकडे होत होती. शलाकाने चालखूण काढून बघितली. गुडघा कुठे वाकतो आणि टाच कुठे टेकते हे पॅडमुळे सापडतच नव्हतं. सतरापैकी जेमतेम सहा सांधे दिसत होते, आणि मिळालेली खूण इतकी विस्कटलेली होती की ती कुणाशीच जुळली नसती. ओळखता येत नाही, तिने सांगितलं. त्या नव्या कंपन्यांच्याच काय, कुणाच्याही साधनाला येणार नाही.

पलीकडे ऊर्मिला मनापासून हसली. इतक्या वर्षांनी शलाका तिचं हसू ऐकत होती. तिने सांगितलं की शाळेच्या अडगळीत पॅड पडून होते, एक दिवस मुलींना गोलवर फटके मारायला शिकवताना तिने ते सहज चढवले आणि तिला ही कल्पना सुचली. गोलरक्षण तिला अजिबात येत नाही. पायांच्या मधून चेंडू जातो, डावीकडे झेप घ्यायला भीती वाटते, आणि सगळ्यात कठीण म्हणजे समोर पोरी चुका करत असताना जागेवर उभं राहणं. काल मुली तिच्यावर इतक्या हसल्या की पंचांना खेळ थांबवावा लागला. पुढच्या रविवारी परत सामना आहे, तोपर्यंत डावीकडचं काहीतरी करायला हवं.

"पण खेळतेय मी," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर शलाकाने मंजुरीसाठी आलेला त्या सामन्याचा तक्ता समोर घेतला. अनुराधा इंगळे, गोलरक्षक. सामने एक. खाल्लेले गोल सहा. चौथा गोल तिला जरा संशयास्पद वाटला. फटका वर्तुळाबाहेरून मारल्यासारखा दिसत होता, आणि तसं असेल तर तो गोल धरता येत नाही. तिने तेवढा भाग सावकाश करून तीनदा बघितला. स्टिक चेंडूला लागली तेव्हा चेंडू रेषेच्या बोटभर आतच होता. गोल बरोबर होता. सहाच.

तिने सही केली.